चौकवरून, पण ठाणेमार्गे

माणूस कोठून निघाला आणि कोठे पोहोचला, या दोन गोष्टी नक्की झाल्या की तो कोणत्या वाटेने गेला हे त्याला विचारण्याचे कारण उरत नाही. विचारले तर तो सांगेल. सांगितले तर ते खरे मानण्याची वेळ येईल. आणि प्रत्येकाचे खरे मानू लागल्यास जगात कोणतीही व्यवस्था उभी राहणार नाही. या विचाराच्या भक्कम पायावर महानगराचे स्पर्शमुक्त प्रवास प्राधिकरण उभे आहे. त्याची कृपा महानगराची हद्द ओलांडून कर्जतपर्यंत पोहोचली, त्याला आता दोन पावसाळे झाले.

योजना समजण्यास अत्यंत सोपी आहे. (समजली नाही असे म्हणणाऱ्यांसाठी एक माहितीपत्रक आहे, ते वाचल्यानंतर तसे म्हणणाऱ्यांची संख्या वाढली, परंतु त्यांचा आवाज खाली आला.) स्टेशनात शिरताना आपले कार्ड यंत्राला टेकवावे, बाहेर पडताना पुन्हा टेकवावे. योजना स्पर्शमुक्त असल्यामुळे स्पर्श एवढाच. (कर्जतलगतच्या भिसेगावातल्या काही घरांत 'स्पर्शमुक्त' हा शब्द ऐकून जुनी माणसे जरा सावध झाली होती, त्यांच्या लहानपणी बऱ्याच ठिकाणी त्यांना कशालाही हात न लावता राहण्याची सोय करून दिलेली होती. माहितीपत्रकात त्या पूर्वीच्या योजनेचा उल्लेख नाही.)

भाडे मार्गावरून ठरते, आणि मार्ग प्राधिकरण ठरवते. कर्जतहून पनवेलला जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक सरळ: बोगद्यातून चौक, मग मोहोपे, चिखले आणि पनवेल, उजव्या हाताला माथेरानची पाठ, पुढे प्रबळगडाचा लांब माथा, आणि तासाच्या आत मुक्काम. दुसरा कल्याणवरून, ठाण्यावरून, खाडी ओलांडून, अर्ध्या महानगराला प्रदक्षिणा घालून. त्याला तीन तास लागतात आणि त्याचे भाडेही त्या मानाने भरदार आहे. प्रवासी यांपैकी कोणत्या मार्गाने जात असेल, हे ठरवण्यासाठी प्राधिकरणाने शास्त्रशुद्ध सर्वेक्षण केले. ते ठाण्याच्या फलाटावर झाले. 'आपण कोणत्या मार्गाने आलात?' या प्रश्नाला शंभर टक्के प्रवाशांनी 'ठाणेमार्गे' असे उत्तर दिले. चौकमार्गे जाणारा एकही प्रवासी ठाण्याच्या फलाटावर आढळला नाही, यावरून त्या मार्गाची लोकप्रियता आपोआप स्पष्ट झाली. तेव्हापासून कर्जतला कार्ड टेकवून पनवेलला बाहेर पडणारा प्रत्येक मनुष्य ठाणेमार्गे गेला असे गृहीत धरले जाते.

यात चौकला चढणाऱ्यांचे काय, असा प्रश्न काहींनी विचारला. प्राधिकरणाने त्यांच्यावर अन्याय होऊ दिला नाही. समानतेच्या तत्त्वानुसार त्यांनाही ठाणेमार्गे गृहीत धरण्यात आले. म्हणजे चौकचा मनुष्य सकाळी आधी उलटा कर्जतला येतो, तेथून कल्याण, ठाणे करीत पनवेलला पोहोचतो, असे मानले जाते. चौकहून पनवेल तसे जवळ आहे. परंतु बहुमताचा मान राखायचा तर एवढा वळसा पडणारच.

भिसेगावचा प्रबुद्ध या व्यवस्थेत पहिल्या दिवसापासून सामील होता. पनवेलच्या एका खाजगी भूमापन कचेरीत तो जमिनींचे आराखडे काढीत असे. कोणाचा बांध कोठे संपतो आणि कोणाची वहिवाट कोठून जाते, हे तो बारीक पेनाने इतके नेमके रेखाटी की भांडायला आलेले भाऊ काही वेळ कागदाकडेच पाहत राहत. स्वभावाने तो अबोल होता. घरी आई त्याला म्हणे, "तुझ्यापेक्षा आपला रेडिओ बरा, बंद असला तरी खरखर तरी करतो." 

महिनाअखेरीस प्राधिकरणाकडून त्याच्या फोनवर संदेश आला: 'ठाणेमार्गे नियमित प्रवास केल्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.' ठाण्याला तो आयुष्यात दोनदा गेला होता, त्यातल्या एकदा दात काढायला. त्याने तक्रार नोंदवली. तक्रारीत त्याने नम्रपणे लिहिले की तो कर्जतहून निघाल्यानंतर तासाच्या आत पनवेलला बाहेर पडतो आणि ठाणेमार्गे एवढ्या वेळात जाणे कोणालाही शक्य नाही. उत्तर तत्परतेने आले. तपासणीअंती त्याचे म्हणणे खरे आढळले होते. ठाणेमार्गे एवढ्या वेळात जाणारा तो रेल्वेजाळ्यातील सर्वांत वेगवान प्रवासी ठरला होता, आणि त्याबद्दल प्राधिकरणाने त्याला 'कार्यक्षम प्रवासी' हे प्रशस्तिपत्र पाठवले होते. (त्या वर्षी ठाणे मार्गावरील सरासरी वेगात चौदा टक्के वाढ झाल्याचे प्राधिकरणाने जाहीर केले. ही वाढ सर्वस्वी कर्जतकरांची आहे, याची कर्जतमध्ये कोणाला कल्पना नाही.)

प्रबुद्धने ते प्रशस्तिपत्र घडी घालून ठेवले आणि पुन्हा तक्रार केली नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. बोगद्यात गाडी शिरली की खिडकीच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसे, आणि त्याला त्या दुसऱ्या प्रबुद्धची आठवण येई, जो या क्षणी कल्याणच्या दिशेने निघाला आहे असे गृहीत आहे. तो दुसरा कसा असेल? तो नक्कीच मोठ्याने हसत असेल. ठाण्यापुढच्या पुलावरून खाडीवर पसरलेले सकाळचे ऊन पाहून शेजाऱ्याला कोपर मारून म्हणत असेल, अरे, बघ तरी. त्याला चार मित्र असतील. बोलावेसे वाटले की तो बोलत असेल. सरकारदरबारी ज्याची नोंद आहे तो खरा, हे प्रबुद्धला व्यवसायामुळे ठाऊक होते. म्हणून कधी कधी त्याला वाटे की आपणच कोणाच्या तरी नोंदीत न आलेला भाग आहोत.

बोगदा संपल्यावर चौक येई, आणि चौकला मेघा चढे.

मेघा पनवेलला एका चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासण्याचे काम करी. ती प्रबुद्धच्या समोरच्या बाकावर बसे, डबा पुरेसा रिकामा असल्यामुळे पाय लांब करी, आणि भाजीची पाटी घेऊन तिच्याबरोबर चौकलाच चढलेल्या अंबाबाईशी चिखल्यापर्यंत गप्पा मारी. तिच्याशी बोलायचे वाक्य प्रबुद्ध रोज बोगद्यात तयार करी. बोगदा लांब असल्यामुळे वाक्य चांगले होई. चौकच्या उजेडात ते टिकत नसे. अशी सुमारे वर्षभराची वाक्ये त्या बोगद्यात पडून आहेत. (प्राधिकरणाकडे हरवलेल्या वस्तूंचा कक्ष आहे, तेथे छत्र्या आणि डबे स्वीकारले जातात.)

आता प्राधिकरणाला सरळ मार्गाचे वावडे होते असे कोणी समजू नये. आपण खरोखर चौकमार्गे गेलो हे सिद्ध करण्याची संधी त्याने प्रत्येकाला दिली होती. त्यासाठी चौकच्या फलाटावर एक जांभळा खांब उभारण्यात आला. त्याचे नाव मार्गसाक्षी. प्रवासाच्या मध्येच या खांबाला कार्ड टेकवले की मार्ग सिद्ध होतो आणि सरळ मार्गाचे भाडे लागते. खांब फलाटाच्या ज्या टोकापर्यंत गाडीचा एकही डबा येत नाही त्या टोकाला आहे, कारण उरलेल्या फलाटावर बाकडी, पंखे आणि माणसे असल्यामुळे तेथे जागा नव्हती. गाडी चौकला थांबते म्हणजे थांबल्यासारखे करते. पोशीरचे येसाजीकाका, पनवेलला बियाण्यांच्या दुकानात कामाला जाणारे आणि गाडीतले सर्वांत बोलके गृहस्थ, पहिल्याच आठवड्यात खांबाला कार्ड टेकवायला धावले. त्यांनी कार्ड टेकवले, खांब टिक् असा वाजला, आणि गाडी गेली. त्या दिवशीची त्यांची नोंद अत्यंत अचूक होती: चौकमार्गे. गाडीत ते नव्हते, एवढेच. त्यानंतर कोणी उतरले नाही. (चौकला चढणारे लोक खांबाला सहज हात लावू शकत, पण जो चौकलाच चढला तो चौकवरून गेल्याचा साक्षीदार होऊ शकत नाही, या कारणास्तव त्यांचे टेकवणे ग्राह्य नव्हते.)

असे सर्व सुरळीत चालले असता पनवेलच्या फलाटावर सूचना लागली. नोंदींच्या आधारे असे आढळून आले होते की सकाळच्या गाडीने चौकमार्गे कोणीही प्रवास करीत नाही. तरी रिकामी गाडी चालवणे जनहिताचे नसल्यामुळे ती पुढील तिमाहीपासून बंद करण्याचा विचार आहे.

सूचना वाचण्यासाठी गाडीतून उतरलेली माणसे इतकी झाली की मागच्यांना ती दिसेना.

"म्हंजे आमी गाडीत नाय?" येसाजीकाकांनी विचारले.

"नोंदीप्रमाणे नाही," प्रबुद्ध हळूच म्हणाला.

"मग ह्यो कोन उबा हाय रं हितं, माजा बाप?"

सगळे हसले. प्रबुद्ध हसला नाही. गाडी बंद झाली तर येसाजीकाका बसने जातील, अंबाबाई टेंपोने जाईल, मेघा चौकहून हायवेच्या जीपने जाईल. सर्वांची सोय होणार होती. त्या समोरच्या बाकाची सोय कशी होणार, हे मात्र सूचनेत नव्हते, आणि तिमाही संपायला फार अवकाश नव्हता.

त्या दिवशी परतीच्या गाडीत त्याला कशेळ्याची जीप आठवली. त्याच्या मामाचे घर कशेळ्याच्या पुढे, आणि लहानपणापासून तो त्या जीपमधून गेलेला. पाठीमागे कोंबलेल्या माणसाला ड्रायव्हरपर्यंत पोहोचणे अशक्य; म्हणून तो भाड्याची नोट पुढच्याच्या हातात देतो, पुढचा त्याच्या पुढच्याच्या, आणि सुटे पैसे त्याच वाटेने उलटे येतात. मध्ये सात-आठ अनोळखी हात असतात, एखादे लेकरू असते, एखादी कोंबडी असते. आजवर एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. माणसाने जागचे न हलता हात तेवढा पुढे पाठवायचा, ही युक्ती कोणत्याही प्राधिकरणाच्या आधीची आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने ही कल्पना येसाजीकाकांच्या कानात सांगितली. येसाजीकाकांनी ती उभे राहून सर्व डब्याला सांगितली, आणि सांगता सांगता ती त्यांची झाली. प्रबुद्धला हे सोयीचेच वाटले.

त्यापुढच्या सकाळपासून चौकचा फलाट पाहण्यासारखा झाला. गाडी येण्यापूर्वीच चौकची माणसे डब्यापासून खांबापर्यंत रांगेत उभी राहत. डब्याच्या दाराशी मेघा, खांबाशी अंबाबाई. गाडी थांबताच सर्व डब्यांतून गोळा झालेली कार्डांची चळत प्रबुद्ध दारातून मेघाच्या हातात देई. ती हातोहात खांबापर्यंत जाई. अंबाबाई पत्ते वाटावेत तशी कार्डे खांबाला लावी, टिक् टिक् टिक्. चळत उलटी परत येई. आणि रांग गाडीत चढून बसे. (गार्ड कनवाळू होता. त्याची नोंद येथे मुद्दाम केलेली नाही.)

एकच अडचण निघाली. जीपमध्ये दिलेली दहाची नोट आणि परत आलेली दहाची नोट यांत फरक नसतो. कार्डाचे तसे नसते. त्याच्यावर नाव आणि फोटो असतो. हे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. पहिल्या दिवशी चळत परत आली ती नुसती मोजून वाटली गेली, आणि मोहोप्यापर्यंत डब्यात एकच कोलाहल उठला.

"ओ, ह्यो चांगो कोन?"

"मी चांगो! माज्याकडं ही कुनीतरी पारूबाई आलीया."

"दे हिकडं ती. तुज्याकडं राहायची नाय ती."

"अंबाबाई, तू समदी इसकटलीस गं!"

"आरं जेवडी दिली तेवडी परत आली ना?" पाटीवर बसलेली अंबाबाई म्हणाली. "मग झालं तर! टिपं गाळायला काय झालंया?"

प्रबुद्धच्या हातात जे कार्ड आले होते ते मेघाचे होते. आपले टेकवणे ग्राह्य नाही हे ठाऊक असताना तिने आपले कार्ड चळतीत का घातले, याचे स्पष्टीकरण उपलब्ध नाही. ते तिला परत कसे द्यावे याचा तो विचार करीत होता. त्याचा बोगदा मागे राहिला होता.

"प्रबुद्ध तुम्हीच का?" समोरून मेघाने विचारले. तिच्या हातात त्याचे कार्ड होते, आणि ती एकदा कार्डाकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होती. "फोटोत तर हसताय."

"तो... फोटोवाल्याने सांगितलं होतं."

"असं होय. मग मी सांगते. हसा."

नजर तपासणाऱ्या माणसाने सांगितलेले ऐकावे लागते. तो हसला. ती म्हणाली, "ठीक आहे, जुळतंय," आणि कार्ड दिले.

यानंतरच्या आठवड्यांत त्या गाडीत जे घडले त्याचे श्रेय नियमाप्रमाणे प्राधिकरणालाच द्यावे लागेल. रोज चौक ते चिखले हा वेळ कार्डे मालकांना पोहोचवण्यात जाऊ लागला, आणि वर्षानुवर्षे एकमेकांच्या डोक्यावरून बाहेर पाहणारी माणसे एकमेकांना नावाने हाका मारू लागली. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या मुलीचा निकाल आहे, हे सर्वांना कळू लागले. प्रबुद्धला स्वतःहून वाक्य तयार करावे लागेना. "तुमचं माझ्याकडे आलंय" एवढे तयार वाक्य व्यवस्थेनेच पुरवले होते, आणि त्याच्या पुढे हळूहळू इतर वाक्ये जोडता येऊ लागली. तो तिला बांधांविषयी सांगे, ती त्याला अक्षरांच्या त्या तक्त्याविषयी सांगे, ज्याची शेवटची ओळ कोणालाच वाचता येत नाही पण कोणी कबूल करत नाही. गाडीतली एवढी कार्डे पाहता शक्यतेच्या शास्त्रानुसार मेघाचे कार्ड प्रबुद्धकडे वर्षातून फार तर दोनदा यायला हवे होते. ते रोज येत होते. याबाबत अंबाबाईला विचारले असता, "मला काय ठावं? मी का वाचाया शिकल्ये?" असे सांगून तिने पदराने तोंड पुसले. (कार्डावर फोटोही असतो, ही बाब कोणी तिच्या निदर्शनास आणली नाही.)

प्राधिकरणाने या घडामोडींची गंभीर दखल घेतली. निर्णयापूर्वी प्रवाशांचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी कर्जतला सुनावणी ठेवण्यात आली. अधिकारी आले ते अत्यंत सौजन्यशील होते. त्यांनी सर्वांना पाणी विचारले, पंखा कोणाच्या दिशेने हवा तेही विचारले, आणि मग कागद हात लांब करून डोळ्यांपुढे धरीत निष्कर्ष वाचून दाखवला.

पूर्वी ही गाडी रिकामी जाते, असे केवळ गृहीत होते. आता ते सिद्ध झाले होते. गाडी चौकला थांबलेली असताना सर्वच्या सर्व प्रवाशांची कार्डे जांभळ्या खांबाजवळ असल्याची नोंद रोज होत होती. खांब फलाटाच्या ज्या टोकाला आहे तेथे डबा येत नाही. खांबाजवळ असलेला मनुष्य त्याच वेळी डब्यात असू शकत नाही. अर्थात त्या वेळी गाडीत कोणीही नसते. प्रवासी खांबाजवळ जमतात, हे उघड होते. ते का जमतात हा वेगळा विषय असून, खांबाला स्थानिक श्रद्धेचा भाग मानावे की कसे, यावर समिती नेमण्यात येईल.

"सायेब," येसाजीकाका उठले, "खांबाला कार्डं गेली. आमी गाडीतच."

"कार्ड प्रवाशापासून वेगळे असू शकत नाही," अधिकारी मऊपणे म्हणाले. "नियम सहा. प्राधिकरणाच्या दृष्टीने कार्ड म्हणजेच प्रवासी."

"मग माज्या ह्या हातातनं रोज शंबर मानसं गेली म्हना की!" अंबाबाई म्हणाली. "तरीच खांदा धरलाया."

"ही माणसं गाडीत असतात, मी रोज बघते," मेघा उभी राहिली. "साक्ष हवी तर माझी घ्या. नजर तपासायचंच काम करते मी. आणि साहेब, तुमचा जवळचा नंबर वाढलाय. कागद किती लांब धरताय बघा. दुकानात या एकदा."

अधिकाऱ्यांनी दुकानाचा पत्ता लिहून घेतला. तरीही मानवी नजर हे प्राधिकृत वाचक यंत्र नसल्यामुळे साक्ष दाखल करून घेता येत नव्हती. मेघा खाली बसली. तिने मागे वळून प्रबुद्धकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. एखादा मनुष्य तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो का, याची वाट पाहावी तसे ते होते.

"आणखी कोणाला काही म्हणायचे आहे?" अधिकाऱ्यांनी विचारले.

प्रबुद्ध उठला. आपण उठलो आहोत हे त्याला थोडे उशिरा कळले. त्याने घरून चार मुद्दे काढून आणले होते, वेळांसहित, आराखड्यासहित, बोगद्याच्या लांबीसहित. त्यांतला एकही त्याला आठवेना.

"बोला," अधिकारी म्हणाले. "मी आपल्याला सोपे करून देतो. आपण हाच मार्ग का निवडता? कारण नोंदवावे लागते. भाडे, वेळ की इतर?"

 प्रबुद्धने खाली पाहिले, वर पाहिले, आणि बोगद्याच्या अंधारात बोलावे इतक्या हळू आवाजात, पण सर्वांना ऐकू जाईल इतक्या शांततेत तो म्हणाला:

"या चौकला चढतात. म्हणून."

आणि कोण ते कळावे म्हणून त्याने मेघाकडे हात केला.

  अधिकाऱ्यांनी कागद लांब धरला, रकाना शोधला आणि लिहिले: 'इतर'.

"अगं बाई," मेघा म्हणाली, आणि तिचा चेहरा लाल झाला, "एवढे दिवस रोज कार्ड परत देत होता हातात. तेव्हा काय झालं होतं? हे सांगायला तुम्हाला सरकारी माणूस लागला?"

"मी रोज कार्ड टाइमात पोचवलं, आन ह्यो आता बोलतोय," अंबाबाई कोणाकडेही न पाहता म्हणाली.

तेव्हा मेघा उठून अधिकाऱ्यांच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "माझंही कारण लिहा. तेच." अधिकाऱ्यांनी तेच लिहिले. सुनावणी संपली.

गाडी ठरल्याप्रमाणे बंद झाली. येसाजीकाका बसने जाऊ लागले, अंबाबाई टेंपोने जाऊ लागली. प्रबुद्धला पनवेलला जाण्यासाठी आता खरोखरच एक मार्ग उरला होता. तो पहाटेची गाडी पकडून कल्याणला, तेथून ठाण्याला, तेथून खाडी ओलांडून पनवेलला जाऊ लागला. आणि मेघा? तिच्यासाठी चौकहून हायवेला जीप उभी असते. मोजून अर्धा तास, दुकानाच्या दारात. ती त्या जीपकडे पाठ करते, अंधारातच उलट दिशेची जीप पकडून कर्जतला येते, आणि प्रबुद्धबरोबर कल्याण, ठाणे करीत पनवेलला पोहोचते. तिची आई विचारते, कोणता शहाणा माणूस चौकहून पनवेलला कर्जत आणि ठाण्यावरून जातो? मेघा म्हणते, "नियमच तसा आहे गं."

प्रवास तीन तासांचा आहे. ठाण्यापुढच्या पुलावर सकाळचे ऊन खाडीवर पसरते तेव्हा प्रबुद्ध तिला कोपर मारतो.

प्राधिकरणाच्या यंदाच्या वार्षिक अहवालात कर्जत विभागावर स्वतंत्र प्रकरण आहे. प्रवाशांचे गृहीत मार्ग आणि प्रत्यक्ष मार्ग यांत आता कसलीही तफावत उरलेली नसून अचूकता शंभर टक्के झाली आहे. चौकचा प्रवासी कर्जतला येऊन ठाणेमार्गे जातो, या गृहीतकावर सुरुवातीस काही घटकांनी टीका केली होती. अनुभवाने ते दूरदर्शी ठरले आहे. त्याच अहवालात मार्ग निवडण्याच्या कारणांचा तक्ता आहे. महानगराच्या संपूर्ण जाळ्यातील लक्षावधी प्रवाशांपैकी एकूणएक जण 'भाडे' किंवा 'वेळ' या दोन कारणांनी आपापल्या वाटेने जातात. 'इतर' या रकान्यात दोन नोंदी आढळल्या. एवढ्या नगण्य वापरासाठी रकाना ठेवणे परवडत नसल्यामुळे तो पुढील वर्षापासून काढून टाकण्यात येत आहे.

तक्ता सर्वांसाठी खुला आहे. आपणही रोज कोठूनतरी कोठेतरी जाता, त्याअर्थी आपली नोंदही त्यात आहे. ती 'इतर'मध्ये नाही. त्या दोघांची नावे आम्हाला ठाऊक आहेत.